जागा दाखवणारी मावशी

"व्हय. आन् मग?"

एवढं म्हणायची आणि थांबायची. काठी मानेमागे आडवी, दोन्ही हात काठीवरून सोडलेले, नजर समोरच्याच्या तोंडावर. समोर तालुक्याचा साहेब असो की दारावर आलेला गोसावी, त्याचं बोलणं संपलं की ही विचारायची, "व्हय. आन् मग?" बहुतेकांकडे त्याच्या पुढचं काही नसायचं. माणूस जरा चुळबुळायचा, उपरणं झटकायचा आणि वाटेला लागायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी भांडण काढायला कोणी धजत नाही आणि त्यांना ओसरीवर बसवूनही कोणी घेत नाही. आमच्या गावात ती होती. धनगराची बाई, पन्नाशी उलटलेली, चार शेरडं राखून पोट भरणारी. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ झालंच नाही. तिला नाव होतं, पण सगळं गाव मावशी म्हणायचं आणि मीही तेच म्हणत असे. ज्या गावाने तिला एकाही लग्नात हळदीला बोलावलं नाही, ते गाव तिला मावशी म्हणत होतं, याचा मला तेव्हाही राग यायचा. आता म्हातारपणी तो राग निवायला हवा होता, पण निवलेला नाही.

गाव सेलूहून देवगाव फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून बरंच आत होतं. निजामाचं राज्य जाऊन दोनतीन वर्षं झाली होती. उर्दू शाळा बंद झाली, मराठी सुरू झाली, आणि तिच्यावर मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. राहायला खोली मिळाली ती गावाच्या टोकाला. दार उघडलं की समोर गोऱ्यांचं कबरस्तान.

परभणीच्या मुलखात गोरे कुठून आले, असं तुम्ही विचाराल. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळात तिथे निजामाच्या फौजेवरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची छावणी होती. पटकीच्या साथीत त्यांतले बरेच मेले, पुढे छावणी उठून गेली आणि मेलेले तेवढे मागे राहिले. काळ्या दगडाचे ओटे, त्यांवर इंग्रजी अक्षरं कोरलेल्या शिळा, भोवती छातीइतकी दगडी भिंत आणि गंजलेलं लोखंडी फाटक. गोऱ्यांच्या बायका होत्या तिथे, लेकरंही होती.

आणि आमचीही लेकरं होती. ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे दात न आलेलं मूल गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. बापाने उपरण्यात गुंडाळून न्यायचं, सोबतीला एखादा शेजारी, कुदळ आणि मीठ. वरून दगड आणि बोराटीचे काटे टाकायचे, कारण कोल्हे उकरतात. गोऱ्यांच्या कबरस्तानाला भिंत असल्याने कोल्हे आत शिरत नसत. म्हणून कधी काळी कोणीतरी आपलं मूल भिंतीच्या आत नेऊन ठेवलं, आणि मग सगळं गावच नेऊ लागलं. खूण करायची नाही, नाव घ्यायचं नाही. आणि आईने तिकडे फिरकायचं नाही. ती गेली तर पुढचं मूल जगत नाही म्हणत. कुठे ठेवलं हेही तिला सांगायचं नाही. बापाने घरी येऊन अंघोळ करायची आणि दुसऱ्या दिवशी औताला लागायचं. हा नियम कोणी केला मला माहीत नाही. जो कोणी असेल तो पुरुष होता, एवढं मी शपथेवर सांगतो.

मावशीला मात्र तिथे जायची मुभा होती. तिच्या पोटी काही नव्हतंच, तेव्हा दगावणार काय, असा गावाचा हिशेब. ती रोज सकाळी फाटक ढकलून शेरडं आत सोडायची. एखादी शेळी कबरीच्या ओट्यावर चढली की म्हणायची, "उतर गं खाली, सायब हाय त्यो, कोर्टात न्हील तुला." मी शाळेला जाताना भिंतीशी थांबलो की मला शिळा वाचायला लावायची.

"ह्यो कोन?"

कप्तान होता, असं मी सांगितलं. कशाने गेला, तर पटकीने.

"आमच्यावानीच की," ती म्हणाली, आणि कप्तानाच्या ओट्यावर पान खात बसली.

एक शिळा लहान होती. वर्षाचीही न झालेली मुलगी. मुलीचं नाव, खाली बापाचं आणि त्याच्या शेजारी आईचं. मी वाचून दाखवलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, आईचं नाव खरंच आहे का. आहे म्हटल्यावर तिने त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "ह्ये लोक लय वंगाळ व्हते म्हनत्यात," ती म्हणाली. "पर लेकराचं नाव दगडावर लिव्हलं त्येंनी. आमच्या बाप्यांना तोंडानं बी घेता येत न्हाई." तिच्या आवाजातला राग मला तेव्हा पुरता समजला नाही.

खोलीच्या दारात बसून मी आणखी एक गोष्ट पाहत असे. दुपारी गडीमाणसं रानात गेली की एखादी बाई डोक्यावर रिकामी टोपली घेऊन तिकडे यायची. काटक्या वेचायचं निमित्त असायचं. इकडेतिकडे बघून फाटकातून आत जायची आणि मावशीशी दोन शब्द बोलायची. मग मावशीच्या मानेमागची काठी खाली यायची आणि एका दिशेला वळायची. बाई तिथे जाऊन बसायची. काटक्या कुठल्या वेचते? हात जमिनीवर नुसते ठेवलेले असायचे. उठताना पदराने तोंड पुसायची आणि टोपली रिकामीच घेऊन जायची. गावातली सून असो की सासू, गरिबाची असो की थोराची, मी तिथे सगळ्या पाहिल्या. गावच्या मालकाची, म्हणजे तिथल्या जमीनदाराची बायको, जिचा पदर कधी कोणाला दिसला नसेल, तीसुद्धा एकदा छकड्यातून उतरून आत जाताना मी पाहिली. त्या चोरून यायच्या म्हणून मी दारातून उठून आत जात असे.

दुसऱ्या वर्षी आमची मुलगी गेली. चार महिन्यांची होती. हगवण लागली आणि सेलूच्या दवाखान्यापर्यंत गाडी पोचायच्या आतच सगळं आटोपलं. शेजारच्या एका शेतकऱ्याने कुदळ घेतली, मी तिला घेतलं, आणि उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथे भिंत वळते तिथे, आम्ही तिला ठेवलं. घरी आलो तेव्हा शेजारणी माझ्या बायकोला सांगत होत्या, रडू नको, विचारू नको, पुढचं जगायचं असेल तर तिकडचं नाव काढू नको. तिने विचारलं नाही. मीही बोललो नाही.

पुढे पावसाळा उलटल्यावर एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मी जाऊन आले. निंबाखाली आहे ना? मावशींनी दाखवली जागा."

निंब फाटकाजवळ होता. माझी मुलगी होती पार दुसऱ्या टोकाला. मी हात धुतले आणि ताट तसंच टाकून निघालो. त्या दिवशी मावशी मिळाली नसती तर बरं झालं असतं, इतका मी संतापलो होतो. ती भिंतीशी शेरडू दोहत होती. मी म्हणालो, तुम्ही माझ्या बायकोला भलत्याच ठिकाणी बसवलंत, माझी मुलगी तिथे नाही, मी तिला माझ्या हाताने उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवलं आहे.

"व्हय. आन् मग?"

मग काय, असं मीच ओरडलो. आईला खोटी जागा दाखवायची, हे कोणाला शोभतं? तिने दुधाचं भांडं बाजूला ठेवलं, उठली आणि काठी मानेमागे न घेता हातातच धरली.

"म्हंजे तुमाला जागा म्हाईत हाय," ती म्हणाली. "मंग बाईला कामून सांगितली न्हाई?"

मी दुधाच्या भांड्याकडे बघू लागलो.

"मी लबाड हाय, गुरुजी. समद्या बायांना लबाड बोललेली हाय. कोन बाप्या कुठं खड्डा खांदतोय त्ये बघत मी काय मागं मागं फिरती का? बाया येत्यात, पाया पडत्यात, मावशी कुठं ठिवलं म्हनत्यात. न्हाई म्हनून कशी धाडू? दावते काठीनं. बसत्यात, रडत्यात, घरी जात्यात. ज्येंना खरी जागा म्हाईत त्ये घरी बसून भाकर खात्यात, आन् जाब मला इचारायला आलाव व्हय?"

 म्हातारी माणसं रागावली की जरा हसू येतं, पण मला ते आलं नाही. मी घरी गेलो आणि बायकोला खरी जागा सांगितली. मला वाटलं ती मावशीवर चिडेल. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. काठी दाखवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही." मग तिने डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, चला. दिवसाउजेडी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत आम्ही दोघं उत्तरेच्या कोपऱ्यात गेलो. बाकीच्या बायांपाशी ती यातला चकार शब्द बोलली नाही.

आता मालकाविषयी. त्याचं नाव मी घेणार नाही, घ्यायची माझी इच्छाही नाही. निजामाच्या राज्यात तो शेरवानी घालायचा आणि हाकिमांना जेवणावळी द्यायचा. राज्य बुडालं तसं शेरवानी पेटीत गेली आणि खादीची टोपी आली. टोपी इतकी पांढरी की तिच्याकडे पाहून आम्हालाच आपण स्वातंत्र्यासाठी काहीच केलं नाही असं वाटायचं. या गृहस्थाने कबरस्तान काढून तिथे आठवडी बाजार भरवायचं ठरवलं. वरून मंजुरी आणली. वेशीसारखी कमान बांधून तिला आपल्या वडिलांचं नाव द्यायचं, हेही ठरलं.

मारुतीसमोर गाव गोळा झालं. मालक बोलायला उभा राहिला. गोरे गेले, निजाम गेला, आता ही गुलामीची निशाणी आपण कशाला उरावर बाळगायची, असं तो बराच वेळ बोलला. खोटं बोलत नव्हता. निशाणी होतीच ती. त्या कप्तानाने इथल्या लोकांना ओवाळलं नसणार. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या थांबल्यावर मागून आवाज आला.

"व्हय. आन् मग?"

दोघंतिघं तोंडाला उपरणं लावून हसले. मालक म्हणाला, मग तिथे बाजार भरेल.

"आन् लेकरं?"

 समोर बसलेल्यांत असा एक संसारी माणूस नव्हता ज्याने त्या भिंतीच्या आत काही ठेवलेलं नाही. मालकानेही ठेवलं होतं. तो सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाला, "कसली लेकरं? ज्याचं कोणी तिथं असेल त्यानं हात वर करावा."

मी हात वर केला. आजूबाजूला पाहिलं तर माझा एकट्याचाच होता. ज्या शेजाऱ्याने माझ्यासाठी खड्डा खणला, ज्याचं स्वतःचं पोर तिथे होतं, तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसला होता. मालक गोड हसला. म्हणाला, गुरुजी, तुम्ही परगावचे, तुमची बदली आज ना उद्या होणारच, गावाचं गावाला बघू द्या.

मला वाटलं, आता मावशी एकेकाचं नाव घेईल. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. कोणी वर बघितलं नाही. मग ती वळली आणि निघून गेली. मी मागे धावलो, म्हणालो, बोलला का नाहीत?

"नावं मला त्येंच्या बायांनी सांगितलेली हायती," ती म्हणाली. "मी हितं बोलले तर घरी मार कोन खाईल?"

भिंत पाडायचा दिवस धरला, गाड्या ठरल्या. इकडे ओढ्यावर धुणं धुताना बायकांचं आपसांत ठरलं. भिंत पडायच्या आत आपापलं लेकरू उचलायचं आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पूर येत नाही तिथे, नेऊन ठेवायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या एकमेकींशी याविषयी बोलल्या असतील. त्या मावशीकडे आल्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपली जागा आपल्याला ठाऊक आहे, फक्त मावशीने एकदा काठी टेकवून पक्कं सांगावं.

मावशीने त्यांच्याकडून पुढच्या आठवड्यापर्यंतची मुदत मागितली. आणि मग ती बाप्यांच्या मागे लागली. ज्या बाईने उभ्या जन्मात कोणाच्या दारी जाऊन काही मागितलं नव्हतं, ती रानोमाळ हिंडली. कोणी मोट हाकत असायचा, कोणी कापसात असायचा. ही बांधावर उभी राहायची आणि म्हणायची, तुझं लेकरू कुठं ठिवलंस तेवढं सांग, तुझं नाव घेत न्हाई, मी बाईला दावते. एकाने तोंड फिरवलं. एकाने अंगावर कुत्रं सोडलं. एक म्हणाला, आठवत न्हाई. ते तिने मला येऊन सांगितलं. सांगताना ती थुंकली. "चोरीचा बैल इकला त्ये साल आठवतंय त्येला. लेकरू ठिवल्याली जागा आठवत न्हाई."

मी माझ्या शेजाऱ्याकडे गेलो. त्याला म्हणालो, तू तरी सांग. तो बराच वेळ चिलीम भरत राहिला आणि म्हणाला, सांगतो गुरुजी, पण आज नको. त्याची भीती मला दिसत होती, आणि तरी त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. बायकोला मारताना ही माणसं कोणाच्या बापाला भीत नव्हती.

मावशीची मुदत सरली त्या दुपारी बायका आल्या. टोपल्या, खुरपी, धुतलेल्या लुगड्यांचे तुकडे. मालकाच्या बायकोचं छकडंही आलं. माझी बायको त्यांच्यात होती आणि मी फाटकाबाहेर उभा होतो. मावशी निंबाखाली उभी होती. एका तरुण बाईने काठीकडे हात केला आणि म्हणाली, "दाव मावशी, कुठून खांदू?"

मावशीने काठी जमिनीवर टाकली.

"मी दावलेल्या जागा खोट्या हायत्या," ती म्हणाली. "एक बी खरी न्हाई. तुमी रडताव म्हनून बोलले. खऱ्या जागा तुमच्या नवऱ्यांना म्हाईत हायत्या. मी इचारून आले, मला सांगत न्हाईत. आता तुमी इचारा. न्हाई सांगितलं तर चूल पेटवू नका."

 त्या तरुण बाईने खुरपं उचललं, मला वाटलं ती मावशीच्या अंगावर धावून जाते. ती मटकन खाली बसली, जिथे वर्षभर बसत आली होती तिथेच, आणि मग एकदम तिथून सरकली. मग एकेक जण उठली आणि गावाकडे चालू लागली. मालकाची बायको सगळ्यांच्या मागून गेली. ती छकड्यात बसलीच नाही, चालत गेली.

त्या संध्याकाळी गावात धूर फार थोड्या घरांवर दिसला. भांडणांचे आवाज आमच्या खोलीपर्यंत येत होते. एका घरात मारझोडही झाली आणि मग तीही थांबली.

सकाळी माझा शेजारी पहिला आला. पुढे तो, मागे बायको. मान खाली घालून चालत होता, पण आला. भिंतीपासून पावलं टाकत गेला, थांबला, आणि खाली बसून हातानेच माती उकरू लागला. त्याच्यामागे आणखी काही आले. सगळे नाहीत. अर्धेही नाहीत. आमची मुलगी आम्ही दोघांनी उचलली. कोणाच्या हाताला काही लागलं, कोणाच्या नुसती माती. काळ्या जमिनीत तान्ह्याचं राहतं ते किती. त्यांनी मातीच फडक्यात बांधून घेतली. मी पाहिलं, बाप्ये रडत होते. इतकी वर्षं हे कुठे ठेवलं होतं, असं त्यांना ओरडून विचारावंसं वाटलं.

मालकाच्या बायकोनेही घरी विचारलं होतं. तिच्या घरी कामाला असणाऱ्या बाईने ते माझ्या बायकोला सांगितलं. मालक म्हणाला, आपलं तिथं कोणी नाही, कधीच नव्हतं. चारचौघांत हात वर केला नव्हता ना, मग आता घरात तरी कसा करणार? सकाळी गाव फडकी बांधून ओढ्याकडे जाताना पाहिलं आणि त्याचा तोल गेला. ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याने दुपारीच बाहेरगावचे मजूर आणि बैल आणले आणि आधी तोच भाग धरला, जिथे लेकरं होती. निंब पाडला, भिंत पाडली, वखर फिरवला. जे बाप्ये उद्या बघू म्हणून घरी बसले होते, त्यांचा उद्या तिथेच संपला. मावशी वखराच्या पुढे जाऊन उभी राहिली. मजुरांनी तिला दोन्ही बगलांत धरून उचललं आणि रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं, तेही हसत. गोऱ्यांच्या शिळा गाड्यांत भरून गेल्या. बऱ्याच ओढ्यावर गेल्या, आणि कप्तानाच्या नावावर आमच्या गावची धोतरं आपटली जाऊ लागली.

यानंतर गाव मावशीशी कसं वागलं? ज्यांना आपलं लेकरू मिळालं त्या तिला विसरल्या. ज्यांना मिळालं नाही त्यांनी तिला शिव्या घातल्या. नवऱ्याला शिव्या घालता येत नव्हत्या ना. विहिरीवर कोणी तिला पाणी भरू देईना. पुरुषांनी तर ठरवूनच टाकलं की या बाईने घराघरांत आग लावली. तिला चारायला जागा उरली नव्हती. शेरडं विकून ती पिंगळीला भाच्याकडे निघाली तेव्हा मी सोबत यायला निघालो, तर मला परत पाठवलं. म्हणाली, शाळा सोडून माझ्यामागं कशापायी येताव. पुढच्याच वर्षी ती गेल्याचं पिंगळीहून आलेल्या माणसाकडून कळलं. गावात कोणी चुकचुकलंसुद्धा नाही. माझी बायको त्या दिवशी जेवली नाही.

माझी बदली झालीच. पुढे आपला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला. त्या सुमारास एका लग्नाला म्हणून आम्ही दोघं त्या गावी गेलो. बाजाराचा दिवस होता. कमान उभी होती, तिच्यावर मालकाच्या वडिलांचं नाव होतं. मालक स्वतः आदल्या वर्षी वारला होता. गुळाच्या भेल्या, मिरच्यांचे ढीग, बांगडीवाले, सगळं त्या जमिनीवर मांडलेलं.

भाजीवाल्यांच्या रांगेत एक बाई बसली होती. पांढरं लुगडं, पदर कपाळापर्यंत. समोर विकायला काही नव्हतं. आधी मिरचीवाल्यापाशी होती, मग उठून कांद्याच्या ढिगाशी जाऊन बसली, हात जमिनीवर टेकून. कांदेवाल्याने टोपली सरकवून तिला जागा दिली. मालकाची बायको होती.

कांदेवाला मला म्हणाला, "दर बाजारी येती. कदी हितं बसती, कदी तितं. येडी झालीय."

मी त्याला म्हणालो, ती वेडी नाही. हिचं लेकरू या जमिनीत आहे. कुठे आहे ते हिच्या नवऱ्याला माहीत होतं, आणि तो न सांगता मेला. माझा आवाज फार चढला असावा, कारण आजूबाजूची माणसं बघायला लागली. बाईने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने ती उठली आणि बांगडीवाल्याच्या पलीकडे जाऊन बसली.